खुराड्यातला अजगर

नवऱ्याच्या निवृत्तीनंतर आम्ही शहरातलं नंदनवनचं घर भाड्याने दिलं आणि मौद्याच्या रस्त्याला, आमच्या वावरात बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिथे साप फार निघत. गिनी कोंबड्या पाळा, साप दिसला की ओरडून गाव गोळा करतात, असं कोणीतरी ह्यांना सांगितलं आणि हे बारा पिल्लं घेऊन आले.

लहान होती तोवर पिल्लं गोड वाटायची. मोठी झाल्यावर मला त्यांची किळस यायला लागली. राखाडी अंगावरचे पांढरे ठिपके छान, पण वर ते बोडकं निळसर डोकं आणि गालाखाली लोंबणारी लाल कातडी. ओसरीभर घाण. एकदा दोघींनी सापाचं पिल्लू दोन टोकांनी ओढून तोडलं, तेव्हा मी हातातला चहा ओतून दिला.

जानेवारीतल्या एका रविवारी ह्यांचे ऑफिसातले तीन जुने मित्र जेवायला येणार होते. सकाळी खुराडं उघडलं तर कोंबड्या किंचाळत माझ्या पायांतून बाहेर पळाल्या. कोपऱ्यात अजगर पडला होता, सात-आठ फुटांचा. पोट मध्येच फुगलेलं. जाळीच्या ज्या फटीतून तो आत शिरला होता, तिच्यातून आता त्याला निघता येत नव्हतं. कोंबड्या मोजल्या, अकराच भरल्या.

ह्यांनी दार लावून सर्पमित्राला फोन केला. तो बुटीबोरीकडे होता, यायला तास-दीड तास लागणार होता. तोवर अजगराला काठीसुद्धा लावू नका, घाबरला तर खाल्लेलं ओकेल, असं त्याने बजावलं.

तेवढ्यात मित्र आले. ह्यांनी त्यांनाही हे सांगितलं. तरी त्यांच्यातल्या एकाने शेवग्याच्या शेंगा पाडायचा बांबू उचलला आणि स्वतःचा मोबाइल ह्यांच्या हातात दिला. व्हिडिओ काढा म्हणाला.

"भाऊजी, राहू द्या ना त्याले," मी म्हटलं.

"काही होत नाही वहिनी," म्हणत त्याने जाळीतून बांबू आत घातला. अजगर नुसता आक्रसला. त्याने पुन्हा टोचलं, मग पुन्हा. हे मोबाइल धरून उभेच होते.

मग अजगराचा जबडा उघडला. आधी पाय आले, मग एकेक झटका देत बाकीची कोंबडी. लांबुळकी, चिकट, पिसं अंगाला चापून बसलेली. त्या लाळेतही पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. कुजकट, आंबट वास सुटला. एकाने नाकाला रुमाल लावला. बांबूवाला हसत होता.

सर्पमित्र आला, विशीतला सडपातळ माणूस. त्याने आधी जमिनीवरची कोंबडी पाहिली.

"याले कोनं डिवचलं?"

हे म्हणाले, "कोणी नाही. आपल्याआपणच ओकला तो."

त्याने जाळीला टेकवलेल्या बांबूकडे एकदा पाहिलं. वाद घातला नाही. अजगराला दोन्ही हातांनी सांभाळून पोत्यात घेतलं, वनखात्याला फोन करून कळवलं आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेला. मीही तिथेच उभी होते. मीही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर ते तिघं हात धुऊन जेवायला बसले. रस्सा झणझणीत झाल्याचं कौतुक झालं, व्हिडिओ तीनदा पाहिला गेला. त्यांची बोटं, ओठांवरचा तो तेलकट रस्सा, मला बघवेना. तरी मी वाढत राहिले. त्या दिवसातलं सगळ्यात किळसवाणं मला आजही तेच वाटतं.

ते गेल्यावर मी मागे आले, तर आमच्याच कोंबड्या त्या मेलेलीला टोचत होत्या. हाकलल्या, खड्डा केला, फावड्याने ती उचलून पुरली. आत येऊन ह्यांना विचारलं, "खोटं काहून बोलले तुम्ही?"

हे उष्टी ताटं गोळा करत होते. "चार लोकांत त्याले उघडं पाडू काय?" म्हणाले.

मग ताटं तशीच ठेवून हे फिनाइल घेऊन खुराड्यात गेले. मला आतून त्यांच्या ओकारीचा आवाज आला. मी उठले नाही. दिवेलागणीपर्यंत ते एकटेच खुराडं घासत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फट तारेने शिवून टाकली.

कोंबड्या अजून आहेत. आता त्यांना दाणे हे टाकतात, मी नाही.