खर्ड्याच्या रानातल्या काचा

केडगावात माझ्या शेजारी राहणारे सर कॉलेजात शिकवत, पण त्यांचा जीव एका दुर्बिणीत होता. काही विचारलं की आधी "तसं नाही" म्हणायचे आणि मग आपण म्हटलेलंच पुन्हा सांगायचे. प्रचंड तारे धुळीच्या ढगात जन्मतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची ऊब तेवढी इन्फ्रारेड दुर्बिणीला कळते, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. हैदराबादहून शास्त्रज्ञ ती फुग्याला बांधून वर सोडत. पॅराशूटने आमच्या बाजूला उतरली, की एसटीडी बूथवर निरोप येई आणि सर माझ्या जीपमधून ती आणायला निघत.

एका हिवाळ्यात पॅराशूट उघडलंच नाही. आठवडाभर आधी हैदराबादला जाऊन ते तपासायचं काम सरांचं होतं. खर्ड्याजवळ ज्वारीच्या रानात दुर्बिणीचा चुराडा पडला होता. यंत्राकडे न बघता सर तिच्या आरशाच्या काचा वेचू लागले. "बैलांच्या पायात जातील," एवढंच म्हणाले. बोटांतून रक्त येत होतं.

रानाची मालकीण म्हातारी जवळ आली. "आत कुनी मानूस हुतं का?"

"नाही मावशी."

"मग रडताय कशापायी?"

सरांनी पुढची काच उचलली.

त्यांना पुन्हा त्या कामावर कुणी बोलावलं नाही. आता माझी जीप दारात लागली, की ते खिडकी लावून घेतात.