वांग आणि वांगं

गालावरचा डाग मला आधी दिसला नाही, दुसऱ्याच बाईला दिसला. मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. मुलीला न्यायला आलेली एक आई माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाई, गालावर चट्टा हाय का जी?"

आमच्या भागात चट्टा हा साधा शब्द नाही. कुष्ठरोगाच्या तपासणीला घरोघरी फिरतात, तेव्हा हाच शब्द विचारतात. अंगावर चट्टा आहे का? त्यावर हात लावलेला कळतो का? आशाताईंबरोबर मीही जाते. गोळ्यांनी बरा होतो, लपवू नका, हे मीच बायांना सांगते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. मग शेजारच्या घरची पोरंही यायची थांबली.

त्या रोगाचा चट्टा बहुधा फिकट नाहीतर लालसर असतो, माझा तपकिरी होता. एवढं मला कळत होतं, पण हात ऐकत नव्हता. तांदूळ निवडता निवडता तणसाची काडी गालावर फिरवायची. लागते. मिरचीचं देठ टोचायचं. लागतं. मग दुसऱ्या गालाला टोचायचं, तिथेही तेवढंच लागतं का बघायला. पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात गेले तर डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले, तिथले लोक सोमवारी या म्हणाले. घरी येऊन बसवेना. डबे घासले, सतरंज्या धुतल्या, धुतलेल्या पुन्हा धुतल्या.

नवरा म्हणाला, "गाल सोलून काढशीन का आता?"

सोमवारी डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि कापूस फिरवला. प्रत्येक वेळी लागला. मग त्यांनी दुसरा गाल उजेडाकडे वळवला. तिथेही पुसट डाग होताच.

"वांग आहे. उन्हानं वाढतं. स्कार्फ बांधत जा."

घरी सांगितलं तर आमची बुढी, म्हणजे सासू, उसळलीच. "मी का सांगत होती? वांगे खाऊ नको, वांगे खाऊ नको! वांगे खाल्ल्यानं वांग येते."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाईले चट्टा नाई, वांगे बाधले. पोरं परत आली. आया मात्र दारातूनच बजावून जात, "खिचडीत वांगे नोका टाकू जी." अंगणवाडीच्या खिचडीत वांगं कधी नव्हतंच.

मला तेवढ्यावर स्वस्थ बसता येईना. शेजारच्या शाळेत जाऊन शब्दकोश काढला. वांग हा शब्द संस्कृत 'व्यंग'वरून आलेला. भाजीच्या वांग्याचं मूळ निराळं, दोघांचं काही नातं नाही. आणि व्यंग म्हणजे अंगातलं उणं. लहान मुलांच्या तपासणीत जन्मजात व्यंग पाहतो, तोच शब्द. कोश मिटला. उन्हात गाल काळवंडला तर त्याला उणं कोणी ठरवलं? आता बायांना खरं सांगावं तर शब्दातच खोट निघते, आणि गप्प बसावं तर फुकटचा आळ भाजीवर.

ती पहिली आई अजून आली नव्हती. तिची मुलगी वजनाला आधीच कमी, तिचं एक वेळचं खाणंही बुडायला नको होतं. जाऊन घेऊन यावं, की ती आणखी बिचकेल, याच विचारात सकाळी झाडत होते, तर ती स्वतःच दारात उभी. पदर दोन्ही गालांवर ओढलेला. मुलीला आत ढकललं आणि हळूच म्हणाली, "बाई, मले पाहून सांगा."

पदर सारला. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आमच्या बाया दिवसभर उन्हात वाकलेल्या असतात. तिचे गाल माझ्यापेक्षा काळवंडलेले होते. माझा डाग तिलाच आधी का दिसला, ते तेव्हा कळलं.

तिला डोळे मिटायला सांगितलं. कापूस फिरवला.

"लागते का?"

"गुदगुल्या होते जी."

"वांग दिसते. तरी डॉक्टरले दाखवू, मी येतो तुह्यासंग."

तिनं डोळे उघडले. चेहरा सैल पडला आणि लगेच आठी आली. "पण काऊन आलं जी? मी तं वांगे खातच नाई. खाज सुटते मले."

"हे आमच्या बुढीले सांगून ये," मी म्हटलं, आणि तिच्या मुलीच्या ताटात खिचडी वाढली.