शालिनीने लावलेली बाग

“शालिनी परब गेली,” हेडबाई म्हणाल्या, आणि मी विचारलं, “कुठे?”

मालाडच्या आमच्या शाळेत फोन फक्त त्यांच्या खोलीत. रिसीव्हर अजून त्यांच्या हातातच होता. मला खरंच वाटलं, तिची बदली झाली असेल, गावी गेली असेल... आदल्याच रविवारी ती मला घाटकोपरला तिच्या शाळेमागच्या बागेत दुधीचा मांडव दाखवत होती. “पुढच्या वेळी पिशवी घेऊन ये गं, नुसती बघायला येतेस,” म्हणाली होती. हेडबाईंनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. शिकवता शिकवता शालिनी फळ्यापाशीच कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलच्या दारात टॅक्सी थांबण्याआधीच सगळं संपलं होतं.

त्या घाटकोपरच्या शाळेत आम्ही दोघी बरीच वर्षं एकत्र होतो. शाळा टेकडीच्या पायथ्याशी, मागे वस्ती, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या तुकड्यावर सगळ्यांचा कचरा. गिरण्यांचा संप लांबला तशी वस्तीतली पुरुष माणसं दिवसभर दारात बसलेली दिसू लागली. शालिनीचे यजमान दिनकरभावजीही गिरणीतलेच; ते तर दारातही येत नसत. भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जेवायला उठायचे, पुन्हा पडायचे. शालिनी त्याबद्दल बोलत नसे. मीही विचारत नसे.

अंधेरीतल्या बागप्रेमी बायकांचा एक क्लब शाळांना आणि वस्त्यांना बागेसाठी अनुदान देतो, हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मला ओढतच तिथे घेऊन गेली. कचऱ्याच्या जागी बाग करायची, मुलांचा विज्ञानाचा तास तिथे घ्यायचा, वस्तीतल्या लोकांना वाफे द्यायचे, असं सगळं तिने भराभर सांगितलं. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “पण गुलाब लावणार ना?”

“लावू की. पण आधी भेंडी, मिरची, दुधी. मुलांना खाऊन बघता येईल असं काहीतरी.”

“ते शेत झालं हो. आमची मदत बागेसाठी असते.”

झालं, असं समजून मी पर्स उचलली. शालिनी मात्र जागची हलली नाही. “एकदा येऊन जागा बघा, मग नाही म्हणा,” म्हणाली. आणि खरंच त्यांच्यातल्या एक वयस्क बाई नाकाला पदर लावून आल्या. सगळं फिरून पाहिलं, मुलांशी बोलल्या. शेवटी एकच विचारलं, “मे महिन्यात शाळा बंद. तेव्हा पाणी कोण घालणार?”

“माझे मिस्टर,” शालिनी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. बाई गेल्यावर म्हटलं, “अगं, भावजींना विचारलंस तरी का?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.”

अनुदान मिळालं. कचरा निघाला, लाल माती आली, कुंपण झालं, मुलांनी रोपं लावली. कडेने गुलाबही लागले. मग सुट्टी लागली आणि ती म्हणाली तसं काहीच घडलं नाही. भावजी उठले नाहीत. शालिनी बागेची किल्ली त्यांच्या उशाशी ठेवायची आणि स्वतः पाण्याचा एक थेंब घालायची नाही. रोपांनी माना टाकल्या. मी चिडले. “वाट लागली गं सगळ्याची! क्लबवाल्यांना काय तोंड दाखवणार आहेस?”

“दाखवीन हेच तोंड,” म्हणाली. आणि किल्ली घेऊन घराकडे वळली.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आम्ही कुंपणापाशी उभ्या होतो. मागून आवाज आला, “रोपां मारूक लावलंस काय गो?” भावजी होते. दाढी वाढलेली, हातात घरातली बादली. शालिनी वळून तडक शाळेच्या नळाकडे गेली आणि नळ सोडून तिथेच तोंड धूत बसली, बराच वेळ.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. त्यांच्या मागून दारात बसणारे इतरही आले. ज्याने त्याने वाफा धरला. पुढच्या वर्षी क्लबने आपणहून पुन्हा अनुदान दिलं. माझी बदली मालाडला झाली, तरी रविवारी पाय तिकडेच वळायचे.

ती कोसळली तेव्हाही भावजी बागेतच होते, मांडवाला सुतळी बांधत. मी मालाडहून हॉस्पिटलात पोचले तेव्हा ते तसेच तिच्याजवळ उभे होते, कोपरापर्यंत मातीचे हात. तिला हात लावावा की नको, ते त्यांना कळेना. “धुवून येतंय हां,” असं तिलाच सांगून ते नळ शोधायला गेले... त्यांच्यामागे जायचं मला सुचलंच नाही.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला भावजी आणि मी शाळेत गेलो. तिच्या वर्गात, खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर राखेत घोळवलेल्या लाल भोपळ्याच्या बिया, एकीला एक चिकटू नये अशा सुट्या सुट्या मांडलेल्या.

“त्याच दिवशी सकाळी पसरल्यान,” भावजी म्हणाले. “माका सांगून गेली, सुकल्यार पेरुया.”

बिया केव्हाच खडखडीत वाळल्या होत्या. भावजींनी त्या गोळा करायला हात पुढे केला, मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं. मलाही ते जमेना. वाऱ्याने कागद उडू नये म्हणून आम्ही खिडकी तेवढी लावून घेतली आणि बाहेर आलो.