चिंचेच्या अल्याडच्या शेंगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सांगायला लागले की मध्ये थांबत नाही. आणि माझ्या नादात तुमचा चहा गार झाला तर मला बोल लावायचा नाही. फजित्या काय, सगळ्यांच्याच होतात. पण दिवसाढवळ्या, अर्धी गल्ली बरोबर घेऊन, हसतखेळत, गाणी म्हणत कुणी फजितीकडे चालत गेलंय? मी गेले होते!

लग्न होऊन मी नवीनच कोल्हापुरात आले होते. रेशनच्या दुकानापुढच्या रांगा नुकत्याच ओसरल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. राजारामपुरीत तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आता मला सांगा, कोकणातल्या मुलीला शेंग म्हटलं की काय आठवणार? शेवग्याची! भुईमूग मी पाहिला होता तो वाण्याच्या दुकानात, पोत्यात, दाणे होऊन बसलेला. तो कुठून येतो, जमिनीखालून की झाडावरून, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

यांच्या शाळेत शामराव नावाचे कसरतीचे मास्तर होते. गडी सहा फुटी, आवाज तालमीतला. नदीपलीकडे त्यांचं गाव, तिथे शेती. नवरात्र संपलं आणि एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

"वैनी, रविवारी शेंगा खायला या. पाऊस गेलाय, शेंग भरलीय. अशी उपटायची, अशी जाळावर भाजायची, न् अशी तोंडात टाकायची!"

"अहो, पण आम्हाला रान कसं सापडणार?"

"लई सोप्पं. सडकेच्या फाट्यावर मी गाडी घिऊन येतोच की धा वाजता. न्हाईतर लांबनं बी कळतंय. बांधावर ही मोठी चिंच हाय. चिंचेच्या अल्याड आमचं रान, पल्याड भावकीचं."

"आणि आमच्या शेजारच्या मंडळींना आणलं तर?"

"सगळ्यास्नी आणा! रान तुमचंच समजा. पायजे तेवढं उपटा!"

या तिन्ही वाक्यांनी पुढे माझा घात केला. लक्षात ठेवा.

रविवारी आमची अर्धी गल्ली निघाली. शेजारच्या सुलोचनाबाई, त्यांच्या दोन नणंदा, समोरचे पोस्टातले आप्पा आणि त्यांच्या घरची चिल्लीपिल्ली. सर्व्हिस मोटारीने आम्हाला फाट्यावर उतरवलं. आणि चमत्कार बघा, मोटार वेळेआधी पोचली! अपशकुन ओळखायला हवा होता मी.

गाडी आलेली नव्हती. पण काय सकाळ होती म्हणता! गवतावर अजून दव होतं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. पन्हाळा तर इतका जवळ दिसत होता की हात लांब केला तर तटाला लागेल. पाठीवर ऊन पडत होतं, पण ते चटके देणारं नव्हतं, आईने पाठीवरून हात फिरवावा तसं. चार महिने पावसात कुबट घरात बसलेली आम्ही माणसं. आम्हाला थांबवतंय कोण!

"ती बघा चिंच!" मी म्हणाले. "समोर तर दिसतेय. कशाला त्यांच्या गाडीची वाट बघायची? बैलांना उगीच त्रास."

"शामराव थांबा म्हणालेत," हे म्हणाले. "नवख्या ठिकाणी आपल्या मनाने जाऊ नये."

"तुम्ही थांबा मग. आम्ही पुढे होतो."

आणि हे खरंच थांबले. मैलाच्या दगडावर बसले, कागद काढला आणि पन्हाळ्याचं चित्र काढायला लागले. मी सेनापती होऊन पुढे निघाले.

चिंचेपाशी आलो. चिंचेच्या अल्याड हिरवंगार रान. पल्याडही हिरवंगार रान. मी मनाशी नीट आठवलं: अल्याड आमचं, पल्याड भावकीचं. आम्ही उभे होतो ती बाजू अल्याड. सरळ हिशेब! आता शामराव गावातून बोलत होते आणि आम्ही सडकेकडून आलो होतो, म्हणजे त्यांचं अल्याड ते आमचं पल्याड, हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का? नाही आलं. तुमच्या आलं असतं? खरं सांगा!

रानात कुणीच नव्हतं. एक खोपी होती, तिच्या दाराला कडी.

"पण शेंगा कुठायत?" मी पानं वरखाली करून बघत होते. "एकही लागलेली दिसत नाही हो. पीक बुडालं वाटतं बिचाऱ्यांचं."

सुलोचनाबाई मिरजेच्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नदीत नारळ शोधत होते. वाकल्या, वेल धरला आणि खसकन उपटला. मातीसकट लोंबणाऱ्या शेंगांचा घोसच्या घोस वर आला! मी किंचाळलेच. मग मी एक उपटला. मग नणंदांनी. मग पोरांनी.

त्या मातीचा वास काय सांगू! ओला, गोडसर, जरा दुधासारखा. कोवळी शेंग दातांत फोडली की आतला दाणा गुलाबी, चिकाचा. आम्ही बांधावर काटक्या पेटवल्या, शेंगा भाजल्या, बोटं काळी करून खाल्ल्या. आप्पांसारखा गंभीर माणूस, जो पोस्टात तिकीट देतानाही हसत नसे, तो फुफाट्यातली शेंग पोरांच्या आधी मिळावी म्हणून पोरांना ढकलत होता!

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण पोट भरलं की मला भलत्या कल्पना सुचतात.

"हे बरं दिसत नाही," मी म्हणाले. "इतकी माणसं आलो, फुकट खाल्लं. शामराव येईपर्यंत आपणच सगळी शेंग काढून ठेवू या. बघून खूश होतील!"

झालं! गल्ली विरुद्ध गल्ली नव्हती म्हणून, नाहीतर तुंबळच झालं असतं. सुलोचनाबाईंनी पदर खोचला. एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने मी. आप्पा मधल्या सऱ्यांत. पोरं वेल गोळा करून ढीग लावतायत. उन्हं वर आली, घाम गळायला लागला, पण कोण मागे हटतंय? निम्म्याहून जास्त रान आम्ही उघडं केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोन गं बयांनो तुमी? माझ्या रानात धाड घातलासा व्हय!"

वळून बघितलं. डोक्यावर रिकामी पाटी, कपाळावर हे मोठं गोंदण, नऊवारीचा काचा मारलेली एक म्हातारी बांधावर उभी. शामरावांची आई असणार, दुसरं कोण! मी हात जोडले आणि गोड हसले.

"या, या! आम्ही तुमचीच वाट बघत होतो. शेंगा खाणार?"

तिच्याच रानात उभी राहून मी तिलाच शेंग देत होते! म्हातारी तरातरा खाली उतरली.

"मी बाजारला गेलो ते बघून आलासा? कुनी धाडलं तुमास्नी?"

"शामरावांनी."

"शाम्यानं?" पाटी खाली आपटली. "काय म्हनाला त्यो?"

तिचा चेहरा बघून मला वाटलं, आमच्यावर विश्वास बसत नाहीये. म्हणून मी चांगलं ठासून सांगितलं.

"म्हणाले, रान आपलंच समजा, पाहिजे तेवढं उपटा!"

"ह्ये रान त्येचं म्हनाला?"

"हो तर! अगदी चिंचेपर्यंतचं."

"चिंच बी त्येचीच म्हनाला?"

आता ते शामराव काही म्हणाले नव्हते. पण एवढ्या प्रेमाने बोलावणाऱ्या माणसाची बाजू घ्यायला नको का? मी म्हणाले, "अर्थात! त्यांची नाही तर कुणाची?"

तुम्हाला सांगते, त्या बाईने जो हंबरडा फोडला, तो पन्हाळ्यापर्यंत गेला असेल. "आयाबायांनो, बघा रं! दीर गेला, धनी गेला, आता ह्यो पोरगा शेरातनं मान्सं आनून माझं रान खातोय!" बांधावरून एक गुराखी चालला होता. त्याला तिने हाक मारली. "ए सख्या, पळ! पाटलाला बलीव जा! चोर रानातच हायती म्हनावं!"

चोर! सुलोचनाबाईंनी हातातला वेल हळूच पुन्हा मातीत खोचून ठेवला. आप्पा म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे, माझं नाव यात नको." आणि चिंचेमागे जाऊन उभे राहिले.

मग कळलं. ही हौसाकाकी. शामरावांची चुलती. त्या चिंचेवरून दोन घरांत भांडण लागलेलं, कोर्टकचेरी झालेली, आणि आज कित्येक वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. आणि मी एका वाक्यात रान नि चिंच दोन्ही पुतण्याच्या नावावर करून मोकळी झाले होते!

तेवढ्यात दहाची गाडी एकदाची बारा वाजता आली. शामराव बैल हाकतायत, मागे हे बसलेत, मांडीवर पन्हाळा. शामरावांनी उघडं पडलेलं रान बघितलं, काकीला बघितलं, आणि कासरा टाकून सहा फुटी माणसाने गाडीतून उडीच मारली.

"वैनी... ह्ये काय केलासा?"

"चिंचेच्या अल्याड," मी पुटपुटले.

"अवो, आमच्या अल्याड! गावाच्या अंगानं!"

हे गाडीतून खाली उतरले. नुसता तो कागद घडी करून खिशात घातला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं!

काकी आणि शामराव समोरासमोर उभे. काकीने पाटी उगारलेली, शामरावांच्या मुठी वळलेल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. माझ्यापायी इथे डोकी फुटणार. मी रडायच्या बेताला आले होते.

आणि गडगडलं.

जोतिबाच्या डोंगरामागून काळंकुट्ट आभाळ चढत होतं. जाता जाता पाऊस परत फिरला होता. सकाळपासून उपटलेले वेल सगळ्या रानभर पसरलेले. भिजले तर शेंग काळी पडणार, पीक मातीत जाणार. काकीने आभाळाकडे बघितलं आणि हातातली पाटी खाली ठेवली.

शामराव परत गाडीत चढले. बैलांना वळवलं आणि गाडी सरळ काकीच्या रानात घातली.

"काकी, भांडू मागनं. आदी शेंग उचल."

मग काकी म्हणाली, "उचलतोस तर नीट उचल. शेंगा गळत्यात."

कित्येक वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे!

मग काय विचारता! चोर, साव, सरकारी नोकर, सगळे धावायला लागले. आप्पा चिंचेमागून बाहेर आले. यांनी आयुष्यात कुंचल्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं, तेही वेलांचे भारेच्या भारे गाडीत टाकत होते. खोपीकडे दोन खेपा झाल्या, शेवटचा ढीग आत गेला आणि टपोरे थेंब पडायला लागले.

खोपीत आम्ही सगळे शेंगांच्या ढिगावर दाटीवाटीने बसलो. बाहेर पाऊस, आत चुलीचा धूर. पाटलांकडे गेलेला सख्या एकटाच भिजत परतला. पाटील म्हणे जेवून झोपले होते, पाऊस उघडल्यावर बघू म्हणाले. काकीने त्यालाही आत घेतलं.

"आता बसा की गप," ती आम्हाला म्हणाली. "आलासा तर खाऊन जावा."

मडक्यात मीठ घालून शेंगा उकडल्या. दुरडीतून भाकरी निघाली, लसणाची चटणी निघाली, ताकाची कासंडी निघाली. आणि गूळ फोडताना काकीने पहिला खडा शामरावांपुढे धरला. तोंड दुसरीकडे करून.

"घे. तुझ्या बाला बी शेंगासंगं गूळच लागायचा."

शामरावांनी तो घेतला. एवढा मोठा तालमीचा गडी, पण लहान पोरासारखे दोन्ही हात पुढे करून.

मी हळूच म्हणाले, "काकी, चुकलं हो माझं. तुमचं नुकसान केलं."

"नुस्कान कसलं, बाई? काढायला मान्सं मिळंनात म्हून आठ दिस झालं हिंडत हुतो. तुमी आलासा ते बरं झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पर निम्म्या शेंगा मातीतच ठेवलासा. उपटायची कशी, ते कुनी शिकवलं न्हाई व्हय?"

पाऊस उघडला तेव्हा सगळं रान चकाकत होतं. शामरावांनी आम्हाला गाडीतून फाट्यावर सोडलं, आणि परत जाताना गाडी काकीच्या बांधावरूनच वळवली. यांनी त्या दिवशी घरी येईपर्यंत मला टोमणा मारला नाही, हीच त्यांची थोरवी. मीही गल्लीत सांगत सुटले की बघा, दोन घरं जोडून आले! सुरुवातीला चूक वगैरे झाली असेल, पण निष्पन्न काय झालं ते बघा! दोन दिवसांत लोकांना पटायलाही लागलं होतं. पाच-सहा बायकांनी तर मला आपल्या जावेशी समेट करून द्यायला बोलावलं!

पुढच्या रविवारी बाजार आटपून हौसाकाकी आमच्या गल्लीत आली. डोक्यावर पाटी, पाटीत वाळवलेल्या शेंगा, माझ्यासाठी. पण तिला माझं नाव कुठे माहीत? कोपऱ्यावर उभी राहून, त्या खणखणीत आवाजात तिने सगळ्या गल्लीला विचारलं, "अवो, ती दुसऱ्याच्या रानात घुसनारी बाई कुठं ऱ्हाती वो?"

एकानेही "कोण?" म्हणून विचारलं नाही. आप्पांनी खिडकीतून बोट दाखवलं, सुलोचनाबाईंनी ओट्यावरून दाखवलं. आणि मी घाईघाईने बाहेर आले, तर आमच्याच दारात उभे राहून हेसुद्धा आतल्या बाजूला बोट दाखवत होते!