वरच्या खोलीतले संशयी सर

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंइतका संशयी माणूस पिंपळे गुरवात दुसरा सापडणार नाही. पाकिटावर अर्धा किलो छापलेलं असलं तरी साखर घरी आणून पुन्हा तोलायचे. ताप आला तर दोन थर्मामीटर लावायचे, आणि दोन्हींत फरक पडला की तापाचं विसरून थर्मामीटरच्याच मागे लागायचे.

त्यांचं काम मशीनचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायचं. मी डबा द्यायला वर गेले की ते वाटाण्याएवढे ट्रान्झिस्टर एकेक करून मीटरला लावून मोजत बसलेले असत. एकदा विचारलंच. म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटरमध्ये सर्किट आधी चालवून बघता येतं. पण त्यातला ट्रान्झिस्टर पुस्तकातला, फार सज्जन. बाजारातला तसा वागत नाही. म्हणून मी याच्या सवयी मोजून कॉम्प्युटरला सांगतो."

नोकरी सोडून घेतलेलं पहिलंच काम चाकणच्या एका कारखान्याचं होतं. सरांनी बनवलेला बोर्ड कॉम्प्युटरवर झकास चाले, कारखान्यात मात्र रोज दुपारी बंद पडे. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. तीन दिवस डबा अर्धा परत आला.

शेवटी मी धीर केला. "सर, रागावू नका. सवयी तुमी पंख्याखाली मोजता. तिकडं पत्र्याखाली त्या तशाच राहत्यात व्हय? आमचे हे बघा, सकाळी किती गोड बोलत्यात. दुपारी शिफ्टवरनं आल्यावर बोलून बघा."

सरांनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमचा तवा मिळेल?"

माझ्या गॅसवर तव्यात वाळू घालून त्यांनी तीत ट्रान्झिस्टर रोवले, शेजारी थर्मामीटर, तापाचे नव्हे, कामाचे, पण तेही दोन. मी आच कमी-जास्त करत होते, ते आकडे लिहीत होते. ते आकडे घातल्यावर कॉम्प्युटरमधला बोर्डही बंद पडला. "पडला, वहिनी, बंद पडला," म्हणत ते जिन्यावरून धावत खाली आले. बिघाड झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. बिघाड दिसला तसा दुरुस्तही झाला, आणि शनिवारी बोर्ड दुपारभर चालला.

कामं वाढली, तसे ते कारखान्याजवळ, राजगुरुनगरकडे राहायला गेले. निघताना त्यांनी कॉम्प्युटरवर एक इंग्रजी शब्द दाखवला. नव्या आकड्यांच्या ट्रान्झिस्टरला नाव द्यावं लागतं म्हणे. "तुमचंच दिलंय," म्हणाले.

मला इंग्रजी वाचता येत नाही. ती अक्षरं मी कागदावर उतरवून घेतली. घर रिकामं असलं की काढून गिरवते. आता न बघताही येतात.