एकच मोर

"उसवाले लाज कायची?" असं म्हणत ते टेबलाखालून कात्री काढत. डेपोत लाकडाची थप्पी चुकीची लागली तरी हेच वाक्य, आणि उशीच्या अभ्र्यावरचा पोपट चुकला तरी हेच. थप्पी उसवायला मजूर लागत. पोपट ते स्वतः उसवत.

चांदा जिल्ह्यातल्या त्या लाकूड डेपोत ते हेडबाबू होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. भरघोस मिशांचा हा माणूस दुपारच्या सुट्टीत फुल्यांचं भरतकाम करत बसे. तुम्ही तिथे असतात तर हसला असतात. मीही हसलो. मजूर त्यांना पाठीमागे 'मास्तरीणबाई' म्हणत. एकदा एकाचा सदरा ओंडक्याला अडकून फाटला, तेव्हा हेडबाबू म्हणाले, "आण इकडं, मास्तरीणबाई शिवून देते." नाव तेच राहिलं, त्यातला खवचटपणा मात्र गेला.

ते डावखुरे होते. फुलीत दोन टाके एकमेकांवर येतात. सगळ्या बायकांचा वरचा टाका ज्या बाजूला झुके, त्याच्या उलट बाजूला यांचा झुके. कापड उन्हात तिरपं धरलं की लगेच कळे. बदलून जाणाऱ्या साहेबांना ते अभ्रे भरून देत, त्यामुळे पार चामोर्शीपर्यंतच्या बायका नुसती फुली पाहून सांगत, हा डेपोतल्या बाबूचा हात.

त्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचा एक डोळा गेला होता आणि दुसरा अधू झाला होता. लग्न जमत नव्हतं. शेवटी चिमूरकडचं एक घर तयार झालं. मुलाची आई पाहायला आली तेव्हा डोळ्याविषयी चकार शब्द बोलली नाही. निघताना मात्र म्हणाली, रुखवतात पोरीच्या हातचं एक तरी काम ठेवा. मग हेडबाबूंकडे वळून, "तुमच्या हातचं नको हो, भाऊ. तुमचा हात मले ओळखू येते."

भरतकामाचं मॅटीचं कापड नागपूरहून यायचं, आणि तेवढी सवड नव्हती. घरात लिननचा एक टेबलक्लॉथ होता, कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला. मॅटीत चौकोन आयते विणलेले असतात. कागदावरच्या नमुन्याचा एक चौकोन म्हणजे कापडावरचा एक. लिननला चौकोनच नसतात, धागे मोजून आपणच धरायचे. हेडबाबूंनी मोरांच्या जोडीचा नमुना निवडला, एका चिंधीवर दोन-दोन धागे धरून त्यातल्या एका मोराची मान भरून पाहिली आणि बहिणीच्या हातात दिली. तिने ती डोळ्याशी नेली.

"हा मोर नाई, भाऊ. मुंगी हाये."

मग तीन-तीन धागे धरले. फुली तिला दिसू लागली, पण मोर इतका वाढला की नमुन्यातल्या दोघांपैकी एकच कापडावर मावला. शेजारणी कुरकुरल्या. लग्नाच्या कामात एकटा मोर बरा दिसत नाही म्हणाल्या.

"दुसरा चिमूरले हाये," हेडबाबू म्हणाले.

जंगलात वणवा अडवायला जाळरेषा काढतात, तशा त्यांनी त्या कापडावर लाल दोऱ्याच्या उभ्या-आडव्या रेषा घातल्या. दोरा कच्चा होता, काम झाल्यावर ओढून काढण्यासारखा. या रेषा म्हणजे काही आपल्या हातचं काम धरायचं नाही, असं त्यांनी मला दोनदा गंभीरपणे सांगितलं. बहिणीला म्हणाले, "आता हरवली तं एकाच खान्यात हरवशीन."

ती वसरीत उजेडाला बसून भरे आणि ते समोर बसत. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. ती चुकली की त्यांची बोटं गुडघ्यावर हलत. तोंडाने एवढंच म्हणत, "तो खाना मोज एकडाव."

लग्न जवळ आलं तशी तिच्या डोळ्याला पाण्याची धार लागली. मान, अंग आणि अर्धी शेपटी झाली होती. मी त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की उरलेलं माझी बायको भरेल, तिचा हात उजवा आहे, कोणाला कळणार नाही.

ते रागावले नाहीत. "तिले तं मालूम राहीन ना," म्हणाले. "रोज त्याच घरात राहाचं हाये तिले."

मला वाटलं होतं, मी दया करतो आहे. एका मुलीला मी खोट्याच्या आडोशाने सासरी धाडायला निघालो होतो, हे फार उशिरा लक्षात आलं. त्याची बोच अजून आहे.

रुखवतात करंज्या-लाडवांच्या परातींच्या शेवटी ते कापड मांडलं होतं. एकटा मोर, अर्धी शेपटी आणि उरलेल्या जागेत लाल रेषांचे रिकामे खाने. मुलाच्या आईने ते उचललं, मांडवाच्या कडेला उन्हात नेलं, तिरपं धरलं आणि फुल्यांवरून अंगठा फिरवला. हेडबाबू मांडवाच्या खांबाकडे पाहत होते.

"हात पोरीचाच हाये," ती म्हणाली. "पण हे अर्धं काऊन?"

हेडबाबूंनी तोंड उघडलं, पण नवरी आधी बोलली. "माह्या डोळ्यानं एवढंच झालं, बाई. बाकीचं तिथी येऊन भरतो."

वऱ्हाडातली एक बाई हसून म्हणाली की अर्ध्या शेपटीचं पाखरू घेऊन जाता काय. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. कापडाची घडी घालत ती सुनेला म्हणाली, "आपली वसरी उगवतीले हाये. सकाळी चांगला उजेड येते."

त्या पावसाळ्यात हेडबाबूंची सिरोंच्याकडे बदली झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिकडच्या तापाने ते गेले. बातमी पोहोचायलाही दिवस लागले. मला ते आठवतात ते पाठवणीच्या संध्याकाळचे. बैलबंडी निघाली तेव्हा त्यांनी निळ्या-हिरव्या दोऱ्यांची पुडी बहिणीच्या ओटीत टाकली आणि चाकाच्या बाजूने चालू लागले. सासूने कापड स्वतःच्या गुडघ्यांवर पसरलं होतं. शेपटी कुठून वळणार ते ती विचारत होती, आणि सून लाल खान्यांवर बोट ठेवून दाखवत होती. दोघींपैकी कोणी मागे पाहिलं नाही. डेपोच्या नाक्यावर चौकीदार होता, तरी आडवा दांडा हेडबाबूंनीच वर उचलला. बंडी पुढे गेली, वळणावर दिसेनाशी झाली. ते दांडा वर धरून तसेच उभे होते.