छपाईची अक्षरं

माझी मावशी कवळ्या बनवायची. डॉक्टरकडून रुग्णाच्या जबड्याचा साचा यायचा आणि ती खिडकीपाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायची. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं ती येईल त्याला ऐकवायची. लग्न करायचं राहून गेलं, आणि पुढे त्याचंही तिला काही वाटेनासं झालं.

मामा तिचा थोरला भाऊ. हॉटेलांत आणि समारंभांत वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात तो गिटार वाजवायचा. आमच्या घरातला काय तो एकच कलाकार. पाहुणे आले की त्याची गिटार निघायची, सगळे चिडीचूप, आणि मावशीच्या हातातला चहा गार होऊन जायचा.

चाळिशी उलटल्यावर तिने एकदाचा धीर केला. "दादा, मला शिकव ना."

तो हसला, पण नाही म्हणाला नाही. आपली जुनी गिटार आणि एक पुस्तक त्याने तिला आणून दिलं. पुस्तक टॅबचं होतं. टॅब ही गिटारची सोपी लिपी. स्वरलिपी येत नसली तरी बोट कुठे ठेवायचं ते तिच्यावरून कळतं.

"या सहा रेघा म्हणजे सहा तारा," मामा म्हणाला. "सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार. रेघेवर तीन लिहिलं असेल तर त्या तारेवर, दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीत बोट दाबायचं. शून्य असेल तर तार मोकळीच छेडायची. संपलं."

"आणि आकड्यांच्या मधे हे एच, पी कसलं? ही तिरकी रेघ? ही नागमोडी?"

"ते छपाईचं असतं गं. तू आकडे बघ."

मावशीने आकडे बघितले. वर्षानुवर्षं बघितले. कामावरून आली की हातावरचं मेण खरवडून काढायची आणि वाजवायला बसायची. बोटांना घट्टे पडले. एकही आकडा चुकायचा नाही, पण गाणं काही केल्या गाण्यासारखं वाटायचं नाही. प्रत्येक सूर सुटा, ठोकल्यासारखा. मामाचे सूर एकातून एक निघायचे. तिने विचारलं तर तो म्हणायचा, "ते हाताला उपजतच असावं लागतं." पाहुण्यांसमोर तर तो तिची टरच उडवायचा. "हिची गिटार ऐकलीत? थंडीत दात वाजतात तशी!" सगळे खो खो हसायचे. मावशीही हसायची. मी तेव्हा कॉलेजात होते. मीही हसले आहे.

मग एकदा तिची तार तुटली. मामा दौऱ्यावर होता, म्हणून ती स्वतःच वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने नवी तार चढवली आणि म्हणाला, "वाजवून बघा." तिने पिशवीतलं पुस्तक उघडून वाजवलं. तो मान तिरकी करून ऐकत राहिला.

"बाई, तुम्ही खुणा का गाळता?"

"कसल्या खुणा?"

त्याने पानावर बोट ठेवलं. "हा एच. इथे पहिला सूर छेडायचा, दुसरा छेडायचा नाही. नुसतं बोट तारेवर आपटायचं. पी म्हणजे उलट, बोट तार ओढून सोडतं आणि खालचा सूर आपसूक वाजतो. तिरकी रेघ असेल तिथे बोट न उचलता घसरत जायचं. नागमोडी असेल तिथे सूर थरथरवायचा."

तिने एच करून पाहिला. दोन सूर, पण छेड एकच. पुन्हा केला.

"हे सगळं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिलंय की," दुकानदार म्हणाला. तिच्या पुस्तकात ते पान नव्हतं. त्याने शेल्फमधून तेच पुस्तक काढून दाखवलं. मग तिने आपल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याजवळ निरखून पाहिलं. पानाची बारीक कड शिल्लक होती, सरळसोट, ब्लेडने कापलेली.

"जुनं पुस्तक आहे, पडलं असेल पान," ती म्हणाली.

मामा परतला त्या दुपारी ती त्याच्या घरी गेली. सोबत मी होते. तिने पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं आणि कापलेल्या पानाची कड दाखवली.

"दादा, हे तू कापलंस?"

त्याने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला काय स्टेजवर जायचं होतं? विरंगुळा म्हणून शिकत होतीस. उगाच डोक्याला ताप कशाला, म्हणून..."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आता सांगताच आहात तर सगळं सांगा," ती म्हणाली. "वाद्यवृंदातला दुसरा गिटारवाला सोडून गेला तेव्हा तुमच्या तिथल्या गायिकेने हिच्याबद्दल विचारलं होतं. हिला जमायचं नाही, असंच सांगितलंत ना?"

मावशी मामाकडे वळली. तो म्हणाला, "या घरात एकाने वाजवलेलं पुरे होतं."

मावशी उठली. पुस्तक उचललं, चप्पल घातली आणि निघाली. रस्त्यात मला म्हणाली, "शिकवणार नाही म्हणाला असता तर दुसरीकडे गेले असते गं. त्याने शिकवलं, म्हणून मी कुठेच गेले नाही."

त्यानंतर ती सगळं पहिल्यापासून शिकली. बोटांना जुनी सवय मोडायला फार जड गेलं. एच दिसला तरी हात आपोआप छेडायला जायचा, आणि मग ती त्या हातावर चिडायची. पण वर्षभरात गाणी वाहू लागली. गायिकेच्या कानावर गेलं, ती स्वतः बोलावणं घेऊन आली. मावशीने नकार दिला. "त्याच्या शेजारी बसले तर माझं लक्ष त्याच्या बोटांकडेच जाईल," ती मला म्हणाली, "आणि मला वाजवता येणार नाही."

मामाने येणं मात्र सोडलं नाही. गेल्या महिन्यात आला तेव्हा ती वाजवत बसली होती. ती थांबली नाही. तो चप्पल न काढता दारातच उभा राहून ऐकत होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "छान वाजवतेस."

मावशीने पान उलटलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.